संत्र्याच्या कलम-चाकूला वस्तऱ्याची धार : हंगामाच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024

दिवाळी आटोपली. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड, जरूड, शेंदूरजनाघाट या पट्ट्यातल्या नर्सऱ्यांमध्ये आता थंडीभर एकच काम, जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटांवर (खाली मुळं पुरवणाऱ्या रोपांवर) नागपुरी संत्र्याचे डोळे, म्हणजे कळ्या, बांधणं. मामांच्या नर्सरीतली रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली आहेत आणि नख लावलं की साल सुटते. डोळे बांधणाऱ्यांची टोळी कामाला बसायच्या आत मला एक साधन उभं करायचं आहे. कुणाच्याही हातात दिलं तरी डोळा बांधायच्या चाकूला दर वेळी त्याच कोनात धार लागली पाहिजे, आणि ती धार दाढी होईल इतकी तिखट हवी.

एवढ्या धारेचा अट्टहास का, ते इथेच लिहून ठेवतो. जमिनीपासून वीत-सव्वा वीत वर, म्हणजे 20-25 सेंमीवर, खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची. चीर सालीपुरतीच हवी, आतल्या लाकडाला लागता कामा नये. मग डोळकाडीवरून, म्हणजे संत्र्याच्या झाडावरून कापून आणलेल्या काडीवरून, एक डोळा ढालीच्या आकारात, दोन-अडीच सेंमी लांब, एका ओढीत उतरवायचा, चिरेत सरकवायचा आणि पॉलिथिनच्या पट्टीने आवळायचा. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जो जिवंत थर असतो तो कागदाइतका पातळ. खुंटाचा थर आणि डोळ्याचा थर एकमेकांना भिडले तर कलम धरतं. बोथट पातं कापत नाही, चेचतं. चेचलेल्या पेशी तपकिरी पडून मरतात. पातं हिसके देत गेलं तर कापावर लाटा उठतात आणि आत हवा राहते. बाहेरून पट्टी कितीही सुरेख बांधली असली तरी आतला डोळा सुकून जातो.

आज टोळीतले सगळे चाकू मागून घेतले आणि टेबलावर मांडले. लाकडी मुठीचे विकतचे, लोहाराने कमानपाट्यापासून घडवलेले, आणि मशीन हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडला सायकलची ट्यूब गुंडाळून घरीच केलेले. घड्याळजीच्या भिंगातून एकेक पाहिला. डोळा बांधायच्या चाकूला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू काचेसारखी सपाट असायला हवी. जवळपास प्रत्येक चाकूवर सपाट बाजूलाही उतार पाडलेला दिसला.

मामांना दाखवलं. ते म्हणाले, "एकाच अंगानं लावाची धार. दुसऱ्या अंगाले हातच नाई लावाचा. पण घाईत सारेच दोन्हीकून घासतेत, तुले मी कायले खोटं सांगू."

माझ्या मते या कामाचं मर्म इथेच आहे. सपाट बाजू सपाट राहिली तर पातं डोळकाडीच्या लाकडाला टेकून सरळ चालतं. तिला पोट आलं की पातं वर चढू पाहतं आणि हात ते दाबून खाली आणतो. तो वर-खालीपणा कापावर उमटतो. दगड महाग की स्वस्त हा प्रश्न त्यानंतरचा.

5 नोव्हेंबर

पोलादाची पारख. नवी बारीक कानस पात्याच्या कडेवर हलक्या हाताने ओढायची. कडक पोलादावरून ती घसरते, काचेवर ओढल्यासारखा आवाज येतो. नरम असेल तर चावते आणि भुगा पडतो. विकतच्या चाकूंपैकी काहींवर धारेशीच कानस चावली. त्यांना कधीतरी कोरड्या ग्राइंडरवर धरलं असणार. पातळ धारेत उष्णता जायला जागा नसते, डोळ्यांदेखत निळा रंग चढतो. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग आला म्हणजे तिथे 300 अंशांच्या आसपास तापमान गेलं आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. पुढे कितीही घासा, धार टिकणार नाही.

हॅक्सॉ ब्लेडच्या चाकूंचं गणित वेगळं. पूर्ण हाय स्पीड पोलादाचं ब्लेड असेल तर ते ग्राइंडरची उष्णता सहज सोसतं. पण हल्ली बरीच ब्लेडं दोन धातूंची येतात, दातांच्या कडेला तेवढी कडक पट्टी आणि बाकी अंग लवचिक, नरम. असं ब्लेड पाठीकडून घासून धार काढली तर तो चाकू नावापुरताच. टोळीतल्या एकाचा चाकू नेमका तसा निघाला. बिचारा हंगामभर दगड उगाळत बसायचा.

पाणी उतरलेली पाती घेऊन लोहारबुवांकडे गेलो. त्यांनी भाता सावलीत ओढून घेतला, कारण उन्हात लोखंडाचा लाल रंग कळत नाही. पातं लाल झालं की ते लोहचुंबकाला लावून पाहतात. चुंबक चिकटायचं थांबलं, की आणखी थोडं तापवून सरळ तेलात. मग पातं घासून चकचकीत केलं आणि जाड कडेकडून हळूहळू तापवलं. धारेपाशी वाळल्या तणसाचा फिका पिवळा रंग आला त्याच क्षणी पुन्हा तेलात. "यापुढं गेला तं नरम, याच्याआंधी काढला तं ठिसूर," ते म्हणाले. घरी येऊन कानस लावून पाहिली. घसरली.

9 नोव्हेंबर

आजचा दिवस सपाट बाजूंवर गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं.

गावातल्या काचवाल्याकडून 10 मिमी जाडीच्या काचेचा उरलेला तुकडा आणला. टेबलाची जाड काच सपाट असते आणि दाब दिला तरी वाकत नाही. तिच्यावर रंगाऱ्यांचा वॉटर पेपर पाणी लावून चिकटवला की झाला दगड. आमच्या घरचा कार्बोरंडमचा निसणा (धार लावायचा दगड) वर्षानुवर्षं विळे घासून मधोमध खोलगट झाला आहे. त्यावर सपाट बाजू सपाट होणं शक्यच नाही.

सपाट बाजू मार्कर पेनने काळी केली, 400 नंबरच्या (नंबर मोठा तितका पेपर बारीक) पेपरवर पूर्ण टेकवली, बोटांनी दाबून थोडी घासली आणि उलटून पाहिली. जिथे शाई उडाली तिथे पातं टेकतंय, जिथे राहिली तिथे खोलगट आहे. धारेलगत केसभर रुंदीची काळी रेघ तशीच राहिली होती. म्हणजे आतापर्यंत दोन्ही बाजूंनी घासून जो चोरटा उतार पडला होता तो हाच. ती रेघ पूर्ण जाईपर्यंत घासायचं, दुसरा उपाय नाही. सगळी बाजू आरशासारखी करायची गरज नाही, धारेलगतची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी सलग टेकली की पुरे.

मग 800, 1000, 1500, 2000. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते आडव्या रेघांवरून लगेच दिसतं. शेवटी पातं नाकासमोर धरलं तर अंगणातल्या निंबाची फांदी त्यात दिसली. मामी म्हणाल्या, "काऊन रे बापू, चाकू करून रायला का आरसा?"

12 नोव्हेंबर

आता पकड, म्हणजे पातं एकाच कोनात धरणारं साधन.

हाताने कोन धरणं हे खरं कसब आहे आणि टोळीतल्या म्हाताऱ्या बुवांना ते साधलेलं आहे. बाकीच्यांचा कोन दिवस चढेल तसा वाढत जातो. हात थकला की मनगट उचललं जातं, धार गोल होते आणि पातं कापायच्या ऐवजी घसरायला लागतं.

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लोक बाणाच्या टोकाची पाती रोलर लावलेल्या पकडीत आवळतात आणि दगडावर मागे-पुढे फिरवतात. रोलरमुळे कोन हलत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली ती योग्यच केली, त्यामुळे ते साधन इथे मागवायचं कारण नाही. पण अडचण तीच आहे: छोटं पातं बोटांत धरवत नाही, आणि दर वेळी एकच कोन हवा. त्यातल्याही काही पात्यांना आमच्या चाकूसारखा एकाच बाजूला उतार असतो. तत्त्व उचललं, घडण आपल्या कामाची केली.

सामान असं. स्केटिंगच्या चाकात असते ती 608 नंबरची बेअरिंग, दोन नग, रबरी सील असलेली. तिचा बाहेरचा व्यास 22 मिमी, भोक 8 मिमी, रुंदी 7 मिमी. 8 मिमीचा आटे पाडलेला रॉड आणि नट. वरच्या जबड्याला 6 मिमीची एम.एस. (साध्या नरम पोलादाची) पट्टी, खालच्या जबड्याला 3 मिमीची. आवळायला 5 मिमीचे दोन एलन बोल्ट.

कोनाचा हिशोब सोपा आहे. बेअरिंगची त्रिज्या 11 मिमी. पात्याच्या धारेपासून बेअरिंगच्या मध्यापर्यंत पात्याच्या रेषेत जे अंतर, त्याने 11 ला भागायचं, की कोनाची साइन येते. 20 अंशांची साइन 0.342, म्हणजे अंतर 32 मिमी. 15 अंशांना साडेबेचाळीस आणि 25 अंशांना 26 मिमी. 15 अंशांची धार फार नाजूक, जंबेरीच्या गाठीवर आपटली की तुटेल. 25 ला ती सालीत शिरते, पण ढाल उतरवताना जोर लावावा लागतो. मी 20 धरले. पुढे घासून घासून पातं 1 मिमीने झिजलं तरी पकड तशीच ठेवल्यास कोन फक्त अर्ध्या अंशाच्या थोडा वर बदलतो. तरीही दर वेळी अंतर मोजून लावायला सागवानाची एक छोटी खाच पाडलेली पट्टी केली. बेअरिंगचा रॉड एका टोकाला टेकवायचा, धार दुसऱ्या टोकाला, बोल्ट आवळायचे. मोजपट्टी शोधायची गरज नाही.

खालचा जबडा 3 मिमीपेक्षा जाड घेता येत नाही. पातं पंधरा मिमी रुंद, त्यातलं पाच मिमी जबड्यात. उरलेल्या दहा मिमीवर 20 अंशांत जागा जेमतेम साडेतीन मिमी राहते. जाड जबडा धारेच्या आधी पेपरला टेकेल. त्या जबड्याचं नाक कानशीने आणखी उतरवून घेतलं.

पातं घसरू नये म्हणून जबड्यात रबर घालावं असं दोघा-तिघांनी सुचवलं. रबर दाबलं जातं, आणि दाबलं गेलं की कोन गेला. जाड कागदाची एक घडी पुरते.

16 नोव्हेंबर

पहिली फिरकी. काच 18 मिमी प्लायवूडच्या तुकड्यावर बसवली, म्हणजे चाकूची मूठ कडेबाहेर मोकळी लटकते. धारेखाली वॉटर पेपरची पट्टी, बेअरिंग मात्र उघड्या काचेवर धावते, त्यामुळे कचरा तिच्यात शिरत नाही.

ओढ फक्त मागे, जाड कडेच्या दिशेने. धार पुढे ढकलली तर ती पेपर फाडते. दाब बोटाच्या वजनापुरता.

या मांडणीत एक फायदा आपोआप मिळतो. खरखरीत पेपर जाड असतो, बारीक पेपर पातळ. बेअरिंग काचेवरच असल्याने जाड पेपरवर धार जराशी उचललेली राहते आणि कोन किंचित कमी पडतो. पेपर बारीक होत जातो तसा कोन केसभर वाढत जातो. म्हणून शेवटचे पेपर संपूर्ण उतार घासत बसत नाहीत, थेट धारेच्या टोकावर काम करतात. वेळ वाचतो आणि टोक पक्कं होतं.

उतारावर मार्कर फासला, दोन-चार ओढी घेतल्या आणि पाहिलं. काळा रंग टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या बाजूपासून, टोकापर्यंत सारख्या पट्टीत उडाला होता. हाताने घासलेल्या चाकूवर असं कधीच दिसलं नव्हतं.

20 नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. टोळीला सुट्टी, बाजारपेठ बंद. प्रचाराचे भोंगे थांबल्यामुळे घरात बसून निवांत काम झालं. लोहारबुवांकडून आलेली सगळी पाती सपाट करून ठेवली.

23 नोव्हेंबर

धार लागली हे कळतं कसं? 400 नंबरवर घासता घासता सपाट बाजूकडे धातूचा अतिशय पातळ पापुद्रा वळून येतो. कारखान्यात त्याला बर म्हणतात. अंगठा जाड कडेकडून धारेकडे आडवा, हलकेच सरकवला तर तो अडकतो. (धारेच्या रेषेत अंगठा कधीही फिरवू नये.) टाचेपासून टोकापर्यंत सलग बर आली याचा अर्थ उतार आणि सपाट बाजू एकमेकांना भेटल्या. मध्ये कुठे अडकत नसेल तर तिथे अजून भेट झालेली नाही, पुढचा पेपर घेऊ नये. घाई करणारे नेमके इथे चुकतात. बर यायच्या आत बारीक पेपर घेतात आणि तासभर चकाकी वाढवत बसतात.

बर आली म्हणजे धार झाली असंही नाही. बर असलेला चाकू पहिल्या कापाला भयंकर तिखट वाटतो, नंतर ती दुमडते किंवा तुटते आणि खाली बोथट कड उरते. ती मोडायची नाही, झिजवून संपवायची. प्रत्येक नंबर झाल्यावर चाकू पकडीतून न काढता पकड उलटी करून सपाट बाजू काचेच्या कडेवर लावलेल्या 2000 नंबरच्या पेपरवर पूर्ण टेकवायची आणि एक-दोन हलक्या ओढी घ्यायच्या. पुन्हा उतार, पुन्हा सपाट बाजू. बर लहान होत होत बोटाला लागेनाशी होते, भिंगातून तेवढी दिसते.

शेवटचा हात कातड्यावर. यासाठी बाजारातल्या जुन्या सलूनवाल्या काकांकडे बसलो. ते अजून वस्तरा वापरतात, खुंटीला पट्टा टांगलेला असतो. दोन गोष्टी त्यांनी करून दाखवल्या. पट्टा ताठ ओढून धरायचा, सैल सोडला तर कातडं धारेभोवती वळतं आणि धार गोल करतं. आणि वस्तरा उलटताना जाड कडेवरून उलटायचा, धारेवरून उलटला तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. "पट्टा धार लावत नाई बापा, लागलेली धार सरळ करते," काका म्हणाले.

चाकूच्या कामाला टांगता पट्टा नको. चप्पल शिवणाऱ्याकडून देशी कातड्याची पट्टी घेतली, सपाट सागवानी फळीला फेविकॉलने खरखरीत बाजू वर ठेवून चिकटवली आणि रात्रभर वजनाखाली दाबली. तिच्यावर भांड्यांच्या पॉलिशवाल्यांचा हिरवा बफिंग साबण खडूसारखा घासला. त्यात क्रोमियम ऑक्साइड असतं, त्याचे कण इतके बारीक की 2000 नंबरचे ओरखडेही पुसले जातात.

दुपारी दंडावरचे केस पातं न दाबता उडाले. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून वरून पातं सोडलं तर कुठेही न अडकता खालपर्यंत आलं. उजेडात धार सरळ डोळ्यांसमोर धरली, तर कुठेही चमकणारा ठिपका नाही. बोथट जागा नेहमी चमकते, कारण तिथे उजेड परत फेकायला सपाट कड उरलेली असते.

1 डिसेंबर

नर्सरीत पहिली चाचणी. सकाळचं धुकं वितळल्यावर टोळी बसली. केस उडवणं आणि कागद कापणं घरी ठीक, मला ओल्या सालीवर पाहायचं होतं.

एकाच डोळकाडीवरून एक डोळा जुन्या पद्धतीने घासलेल्या चाकूने उतरवला, शेजारचा पकडीवर धार लावलेल्या चाकूने. दोन्ही ढाली कापलेली बाजू खाली करून एका स्वच्छ काचेच्या पट्टीवर ठेवल्या, बोटाने हलकेच दाबल्या आणि काच उचलून खालून पाहिलं. जिथे काप काचेला भिडतो तिथे रसाची ओली, गडद छटा दिसते. जिथे भिडत नाही तिथे रुपेरी, कोरडी. पहिल्या ढालीखाली आडव्या पट्ट्या होत्या, एक ओली, एक कोरडी, आणि कडेला साल चेमटलेली. दुसऱ्या ढालीखाली टोकापासून टोकापर्यंत एकच गडद पान. डोळ्याच्या मागे लाकडाचा जो उंचवटा असतो तिथे तेवढा एक छोटा रुपेरी ठिपका.

टोळीतले सगळे काच हातोहात फिरवून पाहत होते. म्हाताऱ्या बुवांनी आपला स्वतःचा, हाताने लावलेला चाकू काढला, ढाल उतरवली, काचेवर ठेवली. त्यांचीही पूर्ण ओली निघाली. त्यांच्या हाताला पकडीची गरज नाही, आणि हे सर्वांसमोर दिसलं याचा मला मनापासून आनंद झाला. पकड बाकीच्यांसाठी आहे, विशेषतः या वर्षी नव्याने काम शिकणाऱ्या पोरांसाठी.

खुंटावरची चीरही पाहिली. तिखट पात्याला जोर लागत नाही म्हणून साल कापली गेल्याचं बोटाला कळतं आणि हात लाकडाच्या आधी थांबतो. बोथट पात्याला दाबावं लागतं, मग ते एकदम शिरतं आणि लाकडात उतरतं.

या रांगेच्या खुंटांना लाल सुतळी बांधून ठेवली.

4 डिसेंबर

अंगठ्याला कापडी पट्टी किंवा सायकलच्या ट्यूबचं कडं घातल्याशिवाय नव्या धारेचा चाकू कुणाला द्यायचा नाही, असं मामांनी ठरवलं. ढाल उतरवताना पातं अंगठ्याकडेच येतं. धनुर्वाताचं इंजेक्शन ज्यांचं राहिलं होतं त्यांना ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.

8 डिसेंबर

धारेचा शत्रू औषध निघालं. हा भाग नीट लिहितो.

संत्र्यात एक्सोकॉर्टिस नावाचा विकार आहे. विषाणूहूनही साधा असा एक कण, व्हायरॉइड, तो घडवतो. हा कण चाकूला लागलेल्या रसातून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. नागपुरी संत्र्यावर आणि जंबेरीवर तो गप्प बसतो, पण खुंट रंगपूर लाईम या दुसऱ्या लिंबाचा असेल तर काही वर्षांनी खुंटाची साल तडकून सुटते आणि झाड खुरटतं. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणाहून रोगमुक्त मातृवृक्षाचे डोळे आणायचे आणि ते कालच्या रसाने माखलेल्या चाकूने उतरवायचे, तर आणलेल्या मालाची किंमतच राहत नाही.

टोळीत पातं मेणबत्तीवर धरायची सवय आहे. त्याने हा कण मरेलच असं नाही, स्पिरिटनेही नाही, आणि पातळ धारेचं पाणी मात्र उतरतं. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. खात्रीचा उपाय 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीतलं 5 टक्के असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी. रोज ताजं करायचं, कारण उन्हात आणि रसाच्या घाणीने त्याचा जोर जातो. त्यात कुठलंही आम्ल मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो.

पण हायपो कार्बन पोलाद खातं. दुपारच्या सुट्टीत एक चाकू द्रावणात राहून गेला होता. भिंगातून पाहिलं तर धारेवर तपकिरी टिपके, आणि प्रत्येक टिपक्याच्या जागी धारेला बारीक खड्डा. आता असं बसवलं आहे: डोळकाडीचं झाड बदललं की पातं द्रावणात बुडवून हलवायचं, लगेच साध्या पाण्याच्या डब्यात, लगेच कोरड्या फडक्यात. प्रत्येकाकडे दोन चाकू, म्हणजे एक धुताना काम अडत नाही. संध्याकाळी शिलाई मशीनच्या तेलाचा हात. रंगपूर लाईमच्या वाफ्यात हा नियम मोडायचा नाही, असं मामींनी स्वतः उभं राहून सांगितलं. पट्ट्या बांधायचं काम त्यांच्याच देखरेखीखाली चालतं, त्यामुळे त्यांचं सगळे ऐकतात.

15 डिसेंबर

धार टिकवायच्या दोन युक्त्या, टोळीतल्या म्हाताऱ्या बुवांकडून शिकलेल्या.

खुंटाचा खालचा भाग पावसाळ्यात उडालेल्या मातीने माखलेला असतो. आमच्या मातीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते पोलादाहून कडक. चीर द्यायच्या आधी ओल्या फडक्याने ती जागा पुसली तर धार कितीतरी जास्त चालते. दुसरी, जंबेरीचे काटे डोळ्याच्या चाकूने उडवायचे नाहीत. त्याला कात्री आहे.

चाकू किंचित जड वाटायला लागला की कातड्यावर दोन्ही बाजू फिरवायच्या, उतार आपल्या कोनात आणि सपाट बाजू पूर्ण टेकवून. तेवढ्याने परत येतो. कातड्याने येईनासा झाला तर पकडीत घालून 1500 पासून सुरुवात. 400 ला परत जायची वेळ धार तुटली तरच. उगाच खरखरीत पेपर लावून पातं झिजवू नये.

22 डिसेंबर

लाल सुतळीच्या रांगेतल्या पट्ट्या सोडल्या. तीन आठवडे झाले.

कलम धरलं की नाही याची जुनी खूण, डोळ्याशी ठेवलेलं पानाचं देठ. बोटाने टिचकी मारली की देठ स्वच्छ गळून पडलं तर डोळा जिवंत. देठ सुकून चिकटून राहिलं आणि ओढल्यावर साल घेऊन आलं तर गेला. या रांगेत देठ टपाटप गळत होती. ढालीच्या कडेने पांढुरकी, ओलसर भरण आलेली, खुंटाची साल आणि ढालीची साल एकमेकींना घट्ट मिळालेल्या. जे डोळे गेले होते त्यांतल्या काहींची पट्टीच सैल होती, पावसाचा नाही तरी दवाचा थेंब आत गेलेला. शेजारच्या जुन्या चाकूच्या रांगेत ढालीखाली तपकिरी रेघा असलेले डोळे जास्त दिसले. रेघा अगदी तशाच आडव्या, काचेवर दिसल्या होत्या तशा.

मामांनी पट्टी सोडून पुन्हा हलकी बांधायला सांगितलं. जोड कोवळा आहे, थंडीचा वारा लागू नये.

5 जानेवारी 2025

जरूडच्या एका नर्सरीसाठी दुसरी पकड केली. या वेळी एक बदल. त्यांच्याकडच्या चाकूंचं टोक जरा वाकडं आहे. दोन बेअरिंगवर वाकड्या टोकाला पेपर लागत नाही, म्हणून रॉडच्या मधोमध एकच बेअरिंग ठेवली. त्यामुळे पातं डावी-उजवीकडे झुलवता येतं आणि टोकापर्यंत उतार जातो. सरळ चाकूला मात्र दोन बेअरिंगवालीच चांगली, झुलायला वाव राहत नाही.

मापं तीच: 608 बेअरिंग, धारेपासून रॉडच्या मध्यापर्यंत 32 मिमी, खालचा जबडा 3 मिमी. सागवानी खाचपट्टी पाण्याने फुगते आणि माप बदलतं, म्हणून या वेळी ती अॅल्युमिनियमच्या चॅनेलची केली.

आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याच्या फळांची) तोडणी संपत आली की बागांतली सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायचं काम निघेल. त्या कात्रीच्या पात्यालाही एकाच बाजूला उतार असतो आणि तीही लोक दोन्हीकडून घासतात. कात्रीचं पातं वक्र, पकडीत बसणार नाही, तिला बारीक गोल दगड हातानेच फिरवावा लागेल. सपाट बाजू मात्र तशीच काचेवर.